रोजची ९० मिनिटं फक्त वाचनाला: दोन शिक्षकी शाळेच्या नोंदी (जून २०२५ ते जानेवारी २०२६)

बालाघाटाच्या माथ्यावर, बीड जिल्ह्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन. मुख्याध्यापक पदाचा प्रभार माझ्याकडे, शिवाय तिसरी-चौथी. सर २०२४ च्या भरतीत आले, त्यांच्याकडे पहिली-दुसरी. ३१ पैकी १४ पोरांचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात.

निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ ला आलं. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत समजून वाचता यावं, साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. मला ते मनापासून पटतं. चौथीतून अडखळत बाहेर पडलेलं पोर पुढे काय करतं, ते मी १८ वर्षं बघतेय. अडचण वेळेची आहे. म्हणून यंदा एकच काम हातात घेतलं: रोज साडेदहा ते बारा वाचन, मध्ये दुसरं काही येऊ द्यायचं नाही. शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, दोन-तीन दोन शिक्षकी शाळांनी नोंदी मागितल्या, म्हणून जशा वहीत होत्या तशाच इथे देते.

१८ ते २० जून

शाळा १६ तारखेला उघडली. पहिलीची पोरं सोडून २४ जणांचं वाचन एकेकाला जवळ बसवून तपासलं. कोण कुठपर्यंत वाचतं त्याचे स्तर असे: प्रारंभिक (अजून अक्षरही न ओळखणारी) ४, अक्षर ७, शब्द ६, परिच्छेद ४, गोष्ट ३. अक्षर स्तरावरच्या सातात चौथीचे दोघं. एका पोराला साडेसात मिनिटं लागली. एवढ्या वेळात फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी उठले. तिसऱ्यांदा परत येऊन बसले तर पोरगं पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत होतं. हे काम का घेतलं असं कोणी विचारलं, तर मला ती खिडकीच आठवते.

३० जून

वेळापत्रक दुसऱ्यांदा केलं. १७ जूनच्या शासन निर्णयात पहिलीपासून तिसरी भाषा होती, त्याप्रमाणे तासिका बसवून चार्ट लावला होता. काल रविवारी, २९ तारखेला, निर्णय रद्द झाल्याची बातमी आली. चार्ट उतरवला. दोन संध्याकाळी गेल्या. पुढच्यांना एवढंच सांगते की वाचनाचा दीड तास आधी पक्का करा आणि बाकीच्या तासिका त्याच्याभोवती लावा. मग काही बदललं तरी कडेकडेचं बदलतं.

१ ते १४ जुलै

शनिवार सोडून दहा दिवस आम्ही दोघांनी वेळवही ठेवली. वर्गातून उठलो की वेळ आणि कारण लिहायचं, परत आलो की वेळ. पहिले दोन दिवस लिहायचंच विसरत होतो, मग खडूच्या डबीला पेन बांधला.

दिवसाची शिकवण्याची वेळ ३०० मिनिटं, म्हणजे दोघांची मिळून दहा दिवसांत ६,०००. त्यातली १,९५० गेली. माझी १,३४०: ऑनलाइन नोंदी आणि लिंका ५२०, आधार आणि अपारचे (विद्यार्थी ओळख क्रमांकाचे) कागद व पालकांची संमतीपत्रं २९०, पोषण आहाराचा साठा, चव नोंदवही आणि रोजची नोंद २३०, तालुक्याची बैठक एक पूर्ण दिवस म्हणजे ३००. सरांची ६१०, त्यात ३०० प्रशिक्षणाची.

जवळजवळ तिसरा हिस्सा. हाती उरलं सरासरी ३ तास २२ मिनिटं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय, म्हणजे दिवसाला चार तास. आम्ही रोज शाळेत हजर असूनही तेवढं भरत नव्हतं.

वहीत आणखी एक दिसलं, जे मला आधी कळलं नव्हतं. लिंक भरायला चार मिनिटं लागतात, पण तेवढ्यात वर्ग मोडतो आणि परत बसवायला दहा जातात. ही दहा मिनिटं वरच्या आकड्यांत धरलेली नाहीत.

२१ जुलै

पहिला उपाय: साडेदहाला दोघांचे फोन कपाटात, किल्ली टेबलावर. चौथ्या दिवशीच फसला. ११ वाजता ‘तात्काळ, १२ पर्यंत, निरंक असल्यास निरंक भरावे’ असा निरोप आला आणि मी तो सव्वाबाराला पाहिला. लेखी खुलासा द्यावा लागला. खुलासा लिहायला एक तास गेला, आणि दोन दिवस वर्गात उभी असतानाही जीव त्यातच अडकलेला होता.

२८ जुलै

शिक्षण परिषदेला वेळवही घेऊन गेले. तक्रार म्हणून मांडली नाही, परिसरातल्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांपुढे फक्त आकडे ठेवले. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, “मॅडम, मलाही वरून असंच येतं. पण साडेदहा ते बारा मी फोन करणार नाही. फारच अडलं तर तुमच्या स्वयंपाकी ताईंच्या नंबरवर करीन.” त्या दिवसापासून आजपर्यंत ताईंच्या फोनवर त्यांचे दोनच फोन आले.

बाकीच्या नोंदींची वाटणी अशी केली: सकाळी दहाच्या आत हजेरी, पोषण आहाराची नोंद जेवणानंतर लगेच, बाकी सगळं चार वाजता एका बैठकीत, आणि फोटो फक्त शुक्रवारी. ५२० मिनिटांचं हे काम पुढच्या दहा दिवसांत ३४० वर आलं. एकही नोंद कमी झालेली नाही. फक्त पुन्हा पुन्हा उठणं थांबलं.

६ ऑगस्ट

इयत्ता मोडून स्तराप्रमाणे गट केले आणि मोठी चूक केली. चौथीतल्या दोघांना पहिली-दुसरीच्या पोरांत बसवलं. पोरांना काही सांगावं लागत नाही, कोण कुठे बसलंय यावरून ती सगळं ओळखतात. दोघांतला एक दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही. घरी गेले. शेळ्यांमागं गेला होता. आजी म्हणाली, “ढ पोरांत बसिवलं म्हणतोय, मॅडम. येतच न्हाय म्हणतोय.”

तिथेच बाजेवर बसून मी त्याची माफी मागितली. चूक माझी होती आणि ती त्याला माझ्या तोंडून ऐकू येणं गरजेचं होतं.

११ ऑगस्ट

नवी रचना. गटांना स्तराचं नाव नाही, जागेचं आहे: लिंबाखालचा, ओट्यावरचा, व्हरांड्यातला. पहिली ४५ मिनिटं स्तराप्रमाणे, पुढची ४५ मिसळून, जोडीजोडीने. चौथीचे ते दोघं वाचनात मागे आहेत, पण हिशेबात एक नंबर. म्हणून गणिताच्या तासाला लहानांना शिकवायचं काम त्यांच्याकडे दिलं. पोरगा सोमवारी आला. तेव्हापासून एक खाडा नाही.

१८ ऑगस्ट

शब्दकार्डं. खर्च आधी लिहिते: कार्डशीट ९०, स्केचपेन ६०, तालुक्याला लॅमिनेशन १५ पानं × १५ = २२५. एकूण ३७५ रुपये, पदरचे. लॅमिनेशनचे पैसे वाया गेले. खिडकीचा उजेड कार्डावर चमकतो आणि बाजूला बसलेल्या पोराला नुसता पांढरा पट्टा दिसतो. आठवडाभर मला वाटत होतं पोरांना अक्षर ओळखू येत नाही. एके दिवशी त्यांच्या रांगेत खाली बसले तेव्हा कळलं की मलाच दिसत नाही.

मग सरांनी लग्नपत्रिका आणल्या. पत्रिकेचा कागद जाड, आतली एक बाजू कोरी, आणि गावात घराघरात गठ्ठे पडलेले. दोन दिवसांत पोरांनी ११० आणल्या. खर्च शून्य.

शब्द बदलल्यावर खरा फरक पडला. आधी पुस्तकातलेच घेतले होते. आता पोरांच्या तोंडचे घेतले: ऊस, फड, कोपी (फडावरची झोपडी), मोळी, वाढं (उसाचे शेंडे), गाडी, मुकादम, कोयता. दुसरीतली एक मुलगी जूनपासून ‘ळ’ला अडत होती. ‘मोळी’चं कार्ड तिने हातात घेतलं, बोटाने ‘मो’ झाकलं, ‘ळी’ म्हणाली, बोट काढलं आणि सबंध शब्द मोठ्याने म्हणाली. मग विचारलं, “मॅडम, मोळीतला आन् बाळातला येकच का?” एकच गं बाई.

२९ ऑगस्ट

मिनिटाची चाचणी. निपुणच्या लक्ष्यांत दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६०, तेही समजून, असं आहे. आम्ही मोबाईलवर वेळ लावून घेतली. तिसरीतल्या एकाने ५२ शब्द वाचले. गोष्टीत विहिरीत काय पडलं विचारलं तर “म्हाईत न्हाय.” दुसऱ्या मुलीने १९ च वाचले, पण विहिरीत बादली का पडली, दोर कुणी सोडला, सगळं सांगितलं. आणि वर म्हणाली, “आमच्याकडं बी आसंच झालं हुतं.”

नोंद भरताना पहिल्याचा आकडा चांगला दिसतो. मला काळजी त्याचीच वाटते. मोबाईल समोर ठेवल्यामुळे पोरं पळत वाचायला लागली होती, आणि ती सवय आम्हीच लावली. आता वेळ पाठीमागे बसलेले सर मोजतात, पोराला माहीत नसतं. प्रत्येक वाचनानंतर दोन प्रश्न, आणि उत्तर आल्याशिवाय त्याच्या नावापुढे खूण नाही.

१ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पुरण वाटत होते तेव्हा फोन वाजायला लागला, पानं वाढेपर्यंत थांबला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: सेवेत असलेल्या, आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावंच लागेल. पाचहून कमी राहिलेल्यांना सूट, पण पदोन्नती हवी तर त्यांनाही उत्तीर्ण व्हावं लागेल.

मी २००७ ला शिक्षणसेवक म्हणून लागले. टीईटीचा नियम आला २०१० ला, राज्यात पहिली परीक्षा झाली २०१३ ला. माझी सोळा वर्षं राहिली आहेत, म्हणजे मी त्यात येते. नैवेद्य दाखवून झाल्यावर मी आत जाऊन बसले. परीक्षेला माझा विरोध नाही. शिकवणाऱ्याने शिकत राहावं हे मी पोरांना रोज सांगते. पण जिच्या हातून एवढी पोरं वाचायला शिकली, तिला ‘पात्र आहेस का’ हे विचारायची वेळ अठरा वर्षांनी यावी, याचं दुःख होतं, आणि ते मी लपवणार नाही.

कामापुरतं बोलायचं तर, संध्याकाळचा जो तास कार्डं आणि गोष्टी तयार करायला होता तो आता अभ्यासाला जाईल. कार्डं पहिल्या आठवड्यातच मागे पडली. सरांनी त्यांच्याकडे घेतली. ते टीईटी देऊनच आलेत, त्यांची जुनी पुस्तकंही त्यांनी मला आणून दिली.

२२ ते ३० सप्टेंबर

पाऊस. मराठवाड्यात यंदा जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या माथ्यावर पूर आला नाही, पण ओढ्यापलीकडच्या वस्तीची पोरं पाच दिवस येऊ शकली नाहीत आणि एका वर्गाचं छत गळलं. पत्रिकांची ६० कार्डं भिजून शाई पसरली. कार्डं खोक्यात न ठेवता दोरीवर चिमट्याला टांगा, हे तेव्हा शिकलो. नवीन करायला दोघांचा एक रविवार गेला. चिमटे ४० रुपये.

३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार ते, ठरते, आणि आधार जुळलेलीच पोरं धरली जातात. माझी ३१ पैकी २९ जुळली. एकीच्या आधारवर आडनावात एक वेलांटी वेगळी, दुसऱ्याची जन्मतारीख १ जानेवारी पडलेली. या दोघांसाठी तीन फेऱ्या, त्यातल्या दोन पालकांनी मजुरी बुडवून केल्या. वेलांटी दुरुस्त झाली, जन्मतारीख राहिली. पोरगं रोज पहिल्या ओळीत बसतं, हजेरीला ‘हजर मॅडम’ म्हणतं, आणि तरी मोजणीत नाही. पट घसरत गेला की दुसरं पद धोक्यात येतं. त्यामुळे एका पोराचा कागदसुद्धा झोप उडवतो.

हा कागद जून-जुलैतच बघा. सप्टेंबरात सगळ्या गावांची गर्दी एकाच केंद्रावर असते.

६ ते १५ ऑक्टोबर

जाणाऱ्या पोरांची तयारी. १४ पैकी पाच थांबणार असं ठरलं: तिघं आजीकडे, दोघं हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर. नऊ जाणार. पालकांना थांबवण्यासाठी दोन संध्याकाळी घरोघर फिरलो. एका आईने जे सांगितलं त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं: “उचल घेतलीय मॅडम. धाकट्याला कोपीत कोण बघंल? ही नसंल तर म्या मोळ्या कशा बांधू?” पोरगी नऊ वर्षांची आहे.

प्रत्येकाला शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येईल. सोबत एक पिशवी: त्या पोराच्या स्तराची ४० कार्डं, दोन वह्या, पेन्सिली आणि चार छोट्या गोष्टी. एका पिशवीला ५५ रुपये, नवांचे ४९५. गावातल्या किराणा दुकानदाराने २०० दिले, बाकी आम्ही दोघांनी.

जाण्याआधी नवांचं वाचन पुन्हा घेतलं. पहिलीचे दोघं सोडून सात: शब्द ४, अक्षर ३.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊबीज झाली आणि ट्रॅक्टर निघाले. पिशव्या गेल्या का ते बघायला मी गेले होते. सातांच्या हातात दिसल्या. दोन पिशव्या घरीच राहिल्या होत्या, त्या पळत जाऊन आणल्या.

९ नोव्हेंबर

फोनवर शिकवणं फसलं. संध्याकाळी सहाला फोन ठरला होता, पण त्या वेळी गाडी भरणं चालू असतं. सकाळी तर पहाटे चारलाच फडात. दोन आठवड्यांत नवांपैकी दोघांशीच बोलणं झालं, तेही तुटक. एकाच्या फोनला रिचार्ज नव्हता, तो मी मारला. दोन दिवसांनी तो फोन बाप दुसऱ्या फडात घेऊन गेला.

१६ नोव्हेंबर

बदल केला. आता फोन करत नाही. रात्री आठला आवाजाचा निरोप पाठवते, दोन मिनिटांचा: आज कार्ड क्रमांक अमुक ते अमुक, आणि एक प्रश्न. ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा ऐकेल आणि वाचून परत पाठवेल. कार्डांना क्रमांक दिलेले नव्हते, ही माझी चूक. पहिला आठवडा ‘पिवळ्या फुलाची पत्रिका’, ‘गणपतीवाली पत्रिका’ अशा खुणांवर चालवला. पुढे देणाऱ्यांनी मागच्या बाजूला आकडा घालूनच द्यावं. नवांपैकी पाच जण उत्तर पाठवतात. एकाच कोपीतली दोन भावंडं मिळून पाठवतात.

२३ नोव्हेंबर

टीईटी दिली. १५० प्रश्न, अडीच तास. माझ्या बाकाच्या पुढे माझीच एक जुनी विद्यार्थिनी बसली होती, डी.एड. झालेली. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून आत गेलो. बालमानसशास्त्र बरं गेलं, गणिताला वेळ पुरला नाही.

१ ते ६ डिसेंबर

१ आणि २ ला सर नगरपालिकेच्या निवडणुकीच्या कामावर. कायद्यातच निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण ही कामं धरलेली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन शिक्षकी शाळेत एक गेला की चार वर्ग एकीकडे येतात, आणि ते दोन दिवस नव्वद मिनिटांची तीसच झाली. ५ ला टीईटी आणि संचमान्यतेच्या प्रश्नावर राज्यभर शाळा बंद होत्या, आम्हीही त्यात होतो. आदल्या दिवशी पोरांना कारण सरळ सांगितलं. बुडालेलं वाचन ६ तारखेला, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास थांबून घेतलं. १९ पोरं थांबली.

१० जानेवारी २०२६

पुन्हा तपासणी. दुसरी ते चौथीचे इथे असलेले १७: प्रारंभिक ०, अक्षर २, शब्द ४, परिच्छेद ५, गोष्ट ६.

जूनच्या आकड्यांशी हे थेट ताडू नका. जूनला २४ होते. जी सात गेली ती खालच्या स्तरांवरची, त्यामुळे उरलेल्यांची टक्केवारी आपोआप चढते. वर पाठवलेल्या माहितीत हजर मुलांचाच रकाना होता. मी शेरा लिहून सात नावं वेगळी जोडली. कुणी वाचेल का माहीत नाही, पण ती या शाळेची पोरं आहेत आणि यादीत राहिली पाहिजेत. फक्त इथे असलेल्या सतराचंच जूनचं आणि आताचं बघितलं तर बारा जण किमान एक स्तर वर गेले, पाच जागेवर.

जागेवरच्या पाचांत बादलीची गोष्ट सांगणारी ती मुलगी आहे. मिनिटाला १९ वरून ३१ शब्द, आणि अजून प्रत्येक गोष्ट पूर्ण समजून सांगते. तिला घाई करायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

नव्वद मिनिटं किती दिवस टिकली? १५ जुलै ते ९ जानेवारी शाळेचे ११८ दिवस झाले. पूर्ण मिळाली ८३, अर्धवट २२, अजिबात नाही १३. त्या तेरांतली सात बैठका आणि प्रशिक्षणांची.

१४ जानेवारी

संक्रांत. रात्री साडेनऊला फडावरून निरोप आला, मोळीवाल्या मुलीचा. पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज, कोणीतरी ‘मागं घे, मागं घे’ म्हणतंय. तिने कार्ड २३ ते ३० वाचली, २७ ला थांबली, परत पहिल्यापासून वाचून २७ पार केलं. मग म्हणाली, “मॅडम, चाळीस झाली. आता दुसरी पाठवा.”

पाठवायला माझ्याकडे नाहीत. मुकादमाचा माणूस सोमवारी गावात येणार आहे, त्याच्या हाती नवी ४० द्यायची. सरांकडे कोऱ्या पत्रिका १४ च उरल्यात. गावात सांगून ठेवलंय, लग्नाच्या पत्रिका फेकू नका, शाळेत आणून द्या.